समुद्रांतील गोडें पाणी

आमच्या प्रतापगडाकडील (साताऱ्याकडचा नव्हे, गोंदिया जिल्ह्यांतला) मनुष्य कोठेंहि गेला तरी आधीं पाण्याची चौकशी करतो. हा तळ्यांचा मुलूख. नवेगावबांधाचा विस्तीर्ण जलाशय याच तालुक्यांत आहे, आणि बांध घालून भात पिकविणाऱ्या कोहळी लोकांची कीर्ति सर्वत्र आहे. म्हणून गेल्या माघांत मालवणास जाऊन सिंधुदुर्ग पाहिला, तेव्हां तटाहून तेथल्या विहिरींनींच आमचें चित्त अधिक वेधलें.

किनाऱ्यापासून अर्ध्या मैलाच्या आंत कुरटें नांवाचें खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं तेथें दुर्गाचा पाया घातला. विस्तार सुमारें ४८ एकरांचा. तट सुमारें ३० फूट उंच व १२ फूट रुंद, आणि खडकाच्या कडेकडेनें असा नागमोडी नेलेला कीं होडी अगदीं जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाहीं. भोंवतीं पाण्याखालीं खडक दडलेले. वाट जाणणाऱ्या नावाड्यावांचून येथें गति नाहीं.

परंतु तट कितीहि अभेद्य असला, तरी वेढ्यांत शिबंदीचा घसा कोरडा पडल्यास तो काय कामाचा? किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, असें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत बजावलें आहे. सिंधुदुर्गावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन विहिरी आहेत, आणि चोहोंकडे लवणोदधि असतां त्यांचें पाणी गोड आहे. नांवें ठेवणारा रसिक खरा!

होडींतील मंडळी यास दैवी चमत्कार म्हणत होती. आम्हांस त्यामागील सृष्टिनियमच अधिक विस्मयकारक वाटतो. अशा बेटांवर पावसाचें पाणी मातींतून व खडकाच्या भेगांतून मुरतें. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें, म्हणून तें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरून राहतें. दोहोंची सरमिसळ फार मंद होते. समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडें पाणी असलें, तर खालीं सुमारें चाळीस हात असूं शकतें, असा शास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. मात्र हा हिशेब उलटाहि चालतो. उपसा बेताबाहेर गेला, वरची पातळी हातभर उतरली, कीं खालून खारें पाणी कितीतरी वर चढतें. आणि एकदां बिघडलेली विहीर एका पावसाळ्यानें सुधारेलच असें नाहीं.

२०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत सिंधुदुर्गहि आहे. गर्दी वाढणारच, आणि वाढावी. लोक श्रीशिवराजेश्वराचें दर्शन घेतात, महाराजांच्या हातापायांचे ठसे पाहतात. विहिरींत मात्र डोकावून पुढें जातात. गडावर आजहि कांहीं कुटुंबें राहतात. अमरकोशांत पाण्यास 'जीवन' म्हटलें आहे, त्याचा अर्थ त्यांस कोणी समजावून सांगावयास नको.

मृग लागला कीं होड्या बंद होतात, त्या भाद्रपदाच्या सुमारास पुन्हां सुरू होतात. त्याच मधल्या महिन्यांत, प्रेक्षक नसतांना, या विहिरी भरतात. जाणारांनीं पिण्याचें पाणी मालवणांतूनच बरोबर न्यावें, व साखरबावेचें चवीपुरतें ओंजळभर घ्यावें.