वारांचें अन्न आणि हक्काचें अन्न

सरकारी शाळांतून मुलांस दुपारचें जेवण मिळूं लागल्यापासून आमच्या सुशिक्षित मंडळींत एक तक्रार वारंवार ऐकूं येते. शाळेची आतां खानावळ झाली. आईबापांचें कर्तव्य सरकारनें पत्करल्यानें ते आळशी होतील. आणि ज्यांस मुलांचा एवढा कळवळा असेल त्यांनीं खुशाल आपल्या खिशांतून द्यावें! अशी तक्रार करणारे गृहस्थ दुष्ट नसतात. परंतु त्यांची स्मरणशक्ति मात्र अधू झाली आहे, असें आम्हांस वाटतें.

महाराष्ट्रांतील मध्यमवर्गाची विद्या ज्या अन्नावर पोसली, तें अन्न कोणाचें होतें? पुण्यास शिकावयास आलेला गरीब विद्यार्थी सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असे वार लावून जेवत असे. कोणी माधुकरी मागत असे. त्या जेवणानें तो आळशी झाला नाहीं. वकील झाला, मास्तर झाला, मामलेदार झाला. मात्र त्या वारांत दोन मोठीं वैगुण्यें होतीं. तें अन्न दात्याच्या मर्जीवर होतें, आणि बहुधा जातीचा उंबरठा ओलांडीत नसे. ज्यांना कोणतेंच घर उघडें नव्हतें, त्यांच्याकरितां शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरांत वसतिगृहें काढविलीं. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगांतील मुलें उपाशीं राहूं नयेत म्हणून लक्ष्मीबाईंना आपलें मंगळसूत्रहि मोडावें लागलें. हा त्याग वंदनीयच आहे. पण कोणत्याहि समाजानें आपल्या मुलांचा घांस मंगळसूत्रांवर सोंपवून स्वस्थ बसूं नये.

ही गोष्ट इतरांनीं आधीं ओळखली. इंग्लंडनें १९०६ सालीं शाळेंतील जेवणाचा कायदा केला. मद्रास प्रांतांत कामराजांनीं १९५६ च्या सुमारास ही योजना गांवोगांव नेली. आमच्याकडे १९९५ सालीं ती आली ती कच्च्या धान्याच्या रूपानें. मूल महिन्यास तीन किलो तांदूळ घरीं नेई आणि तो साऱ्या घराच्या पातेल्यांत शिजे. सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं शिजविलेलें अन्न देण्याची आज्ञा केली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें आठवीपर्यंतच्या मुलांचा तो हक्क ठरला. म्हणजे जें पूर्वीं दान होतें, तें आतां देणें झालें आहे.

या हक्काची गरज पाहावयाची असेल तर जालना जिल्ह्यांतील परतूरकडे पाहावें. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत आणि १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यांत असलेला हा तालुका. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे येथून जाते, दुधना नदी जवळून वाहते; तरी कापूस, तूर, सोयाबीन हीं पिकें बहुतांशीं पावसाच्याच हवालीं. पाऊस चुकला कीं मजुरी चुकते. दिवाळी सरतांच कित्येक कुटुंबें कोयते घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. बाजारांत भाजी, अंडीं, केळीं मिळत नाहींत असें नव्हे. मजुरी हातीं पडेल त्या दिवशींच तीं घेतां येतात, एवढाच फरक. कापूस वेचणीस जाणारी आई सकाळींच घर सोडते. या बाईला आळशी म्हणणारानें एक दिवस तिच्याबरोबर शेतांत उभें राहून पाहावें.

आतां सरकार हें देणें कसें फेडतें तें पाहा. प्राथमिक वर्गांतील मुलास रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असा नियम आहे. तांदूळ निराळा येतो. पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि जळण यांसाठीं मे २०२५ पासून दर मुलामागें ठरलेली रक्कम ६ रुपये ७८ पैसे! तेवढ्यांत हॉटेलांत चहाचा पेलाहि मिळणें कठीण. आठवड्यांतून एकदां अंडें किंवा केळें देण्याचा चांगला निर्णय महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं घेतला. आणि जानेवारी २०२५ मध्यें, अंड्यांसाठीं व साखरेसाठीं निराळा निधि मिळणार नाहीं, शाळांनीं लोकवर्गणी मिळवावी, असें सांगून टाकलें. तामिळनाडूंत २०१० पासून आठवड्यास पांच अंडीं देण्याची प्रथा पडली. आम्हांस एक पेलवलें नाहीं.

लोकवर्गणी म्हणजे तरी काय? तेच जुने वार, नव्या नांवानें! ज्या गांवांत बागाईतदार आहेत, तेथें वर्गणी जमेल. जेथें अर्धा गांव ऊसतोडीस गेला आहे, तेथें कोण कोणापुढें पावतीपुस्तक धरणार? जेथें भूक अधिक, तेथेंच वर्गणी कमी, हें समजण्यास अर्थशास्त्र शिकावें लागत नाहीं. शिवाय सर्वोच्च न्यायालयानें १३ मे २०१६ च्या निकालांत दुष्काळी भागांतील मुलांस आठवड्यांतून शक्य तर पांच, निदान तीन दिवस अंडें, दूध किंवा तसाच पौष्टिक पदार्थ द्यावा, आणि उन्हाळ्याच्या सुटींतहि जेवण चालू ठेवावें, असें सांगितलें होतें. सुटी लागली म्हणून भुकेस सुटी लागत नाहीं.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. मास्तरांचा वेळ धान्याच्या नोंदी आणि हिशेब यांत जातो. पण त्यावर उपाय हिशेबास निराळा माणूस नेमणें हा आहे. ताट काढून घेणें हा नव्हे. तसेंच जी बाई शंभर मुलांचें अन्न रांधते, तिच्यासाठीं केंद्रानें २००९ सालीं दरमहा १००० रुपये मानधन ठरविलें. तिला न्याय्य मजुरी मिळाल्याखेरीज खिचडींत चव कोठून यावी?

मुख्य अडचण निराळीच आहे. हें पातेलें आमच्या डोळ्यांआड शिजतें. आमचीं मुलें डबा घेऊन खासगी शाळेंत जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेंत आज काय वाढलें, याची आम्हांस वार्ताहि नसते. म्हणून अंडें गेलें तरी कोणी रागावलें नाहीं. वाचकांनीं महिन्यांतून एकदां तरी जवळच्या शाळेंत जावें, तेथलें अन्न चाखावें, आणि तें कमी पडत असेल तर वर्गणी देऊन मोकळें होण्यापूर्वीं आमदारांस पत्र लिहावें. ज्यांच्या आजोबांनीं वार लावून विद्या मिळविली, त्यांनीं परतूरच्या मुलास पुन्हां दारोदार पाठवूं नये. तें मूल भीक मागत नाहीं; आपलें देणें मागत आहे.