विमा काढावा तो धडधाकटपणी

करी रोडच्या पुलावरून पूर्वी गिरण्यांची धुराडी दिसत. आता काचेचे मनोरे दिसतात. साच्यावर राबलेल्या कामगाराचा नातू आज अशाच एखाद्या मनोऱ्यातील कचेरीत संगणकापुढे बसतो, आणि आरोग्यविम्याचा विषय निघाला की 'आमच्या कंपनीचा आहे ना!' असे म्हणून मोकळा होतो. या उत्तराचे आम्हांस भय वाटते; कारण त्याच्या आजोबांचाही भरवसा असाच होता.

१९४८ च्या कायद्याने कामगारांसाठी राज्य विमा आला. पगारातून वर्गणी कापली जाई आणि परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयाचे दार कामगारास उघडे असे. ती कोणाची मेहेरबानी नव्हती, हक्क होता. परंतु तो नोकरीच्या खुंटीला टांगलेला हक्क होता! १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतील हजारोंना आपले खाते पुन्हा दिसलेच नाही. खुंटी निखळली, तिच्याबरोबर विमाही गेला. आणि गेला तो नेमका कापसाच्या धुळीने पोखरलेली फुप्फुसे त्रास देऊ लागण्याच्या वयात.

नातवाची नोकरी आजोबांच्या नोकरीहून पक्की आहे काय? नसेल, तर त्याने स्वतःच्या नावाचा विमा आजच काढावा. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबावयास लावू शकते. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. मधुमेह जडण्यापूर्वीच ज्याने विमा घेतला, त्याला त्या मधुमेहापुरती ही अट लागूच होत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास मात्र ती तीन वर्षे मोजावी लागतात, आणि हप्ताही चढा भरावा लागतो. नोकरी सुटत असेल, तर कंपनीच्या गट-विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाण्याची मागणी मुदतीतच करावी. झालेला प्रतीक्षाकाळ मग वाया जात नाही. हे किती जणांना ठाऊक असते?

हप्ता परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. तथापि वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. घरात सत्तरी गाठलेले कोणी असल्यास, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंतच्या इस्पितळातील उपचारांची सोय झाली आहे; ते कार्ड आधी काढून घ्यावे.

आणि अर्ज स्वतःच्या हाताने भरावा. 'रक्तदाबाचे लिहू नका, साहेब' असे सांगणारा एजंट दावा फेटाळला जाईल त्या दिवशी रुग्णाच्या खाटेशेजारी उभा नसतो. पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या अवधीत, चष्मा लावून, तिचे बारीक टाइपातले पानही वाचून काढावे.