पहिली गाडी, पहिली म्युझिक सिस्टिम आणि तुमचे कान

काही महिन्यांपूर्वी ओपीडीत एक तरुण आला. वय 26, नोकरी चाकणला, राहायला हडपसरला. तक्रार एकच : "डॉक्टर, रात्री सगळे शांत झाले की दोन्ही कानांत शिट्टी वाजते. झोप लागत नाही."

कानाच्या पडद्यांत काही दोष नव्हता, मळही नव्हता. ऐकण्याची तपासणी केली, तेव्हा आलेखात 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसला. मोठ्या आवाजाने कानाला इजा झाली की असा खड्डा दिसतो. हा मुलगा ना कारखान्यात यंत्रावर काम करत होता, ना ढोल पथकात होता. विचारता विचारता कळले, की त्याने वर्षापूर्वी जुनी हॅचबॅक घेतली होती आणि पहिल्याच महिन्यात तीस हजार रुपये खर्चून डिकीत दोन वूफर आणि एक अँप बसवून घेतले होते. रोज जाऊन येऊन तीन तास गाडीत. शिवाय घरी इयरफोन होतेच, त्यामुळे सगळा दोष गाडीवर टाकणे बरोबर नाही. पण तीन तासांचा वाटा लहान म्हणता येत नाही.

जाताना त्याने विचारले, "मग आता सिस्टिम विकून टाकू का?"

मी नाही म्हणालो. गाडीत गाणी ऐकू नका, असे सांगणारा डॉक्टर मला व्हायचे नाही. पण पहिली सिस्टिम घेताना बहुतेक जण पैसे चुकीच्या जागी घालतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात आपण "आवाज किती मोठा?" हे विचारतो. विचारायला हवे, "कमी आवाजात किती स्वच्छ ऐकू येते?" कानाचे आणि खिशाचे हित इथे एकाच बाजूला आहे. कसे, ते पाहू.

आधी कानाचे गणित

आपल्या आंतरकर्णात, म्हणजे शंखासारख्या दिसणाऱ्या भागात, प्रत्येक कानात सुमारे 15 ते 16 हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे विद्युत संदेशात रूपांतर त्या करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि वारंवार तसेच झाले तर मरतात. त्वचा भरून येते, हाड जुळते. पण माणसाच्या कानातली मेलेली केसपेशी पुन्हा तयार होत नाही. त्यासाठी आज कोणतेही औषध नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. आवाज 3 डेसिबलने वाढला, की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून सुरक्षित वेळ निम्मी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. त्यापुढचा हिशोब असा :

- 83 डेसिबल : आठवड्याला 20 तास
- 86 डेसिबल : आठवड्याला 10 तास
- 89 डेसिबल : आठवड्याला 5 तास

आमच्या या तरुणाचे आठवड्याचे गाडीतले तास अठरा. त्याने 89 डेसिबलवर गाणी लावली, तर मंगळवारी संध्याकाळीच त्याचा आठवड्याचा कोटा संपला. उरलेला आठवडा तो उधारीवर ऐकतो आहे. आणि ही उधारी कान कधी ना कधी वसूल करतात.

नुकसान आधी वरच्या पट्टीत होते. स, श, फ, थ यांसारख्या अक्षरांची ओळख तिथूनच पटते. म्हणून असे रुग्ण म्हणतात, "ऐकू येते, पण काय बोलले ते समजत नाही." घरचे म्हणतात, लक्ष नसते.

गाडीत आवाज का वाढवला जातो?

घरात ज्या आवाजात गाणे छान वाटते, तो आवाज गाडीत पुरत नाही. टायर, इंजिन, वारा, बाहेरचे हॉर्न. छोट्या गाडीत हमरस्त्यावर काचा बंद असल्या तरी हा गोंगाट साधारण 65 ते 75 डेसिबल असतो. काच खाली केली की आणखी वाढतो. गाणे या गोंगाटाच्या वर ऐकू यावे म्हणून आपला हात आपोआप बटणाकडे जातो. गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर तेच गाणे एकदम किंचाळल्यासारखे वाटते, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

म्हणून माझा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. बजेटमधला एक हिस्सा आवाज वाढवण्यावर नाही, तर गोंगाट कमी करण्यावर खर्च करा. पुढच्या दोन दारांना आतून डॅम्पिंग शीट लावून घ्या. दाराचा पत्रा थरथरायचा कमी होतो, बाहेरचा आवाज थोडा अडतो, आणि त्याच स्पीकरचा बास भरीव लागतो. दाराचे रबर फाटले असेल तर बदला. टायरमधली हवा बरोबर ठेवा. हे सगळे दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, म्हणून कोणी करत नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 300 वॅट, 500 वॅट लिहिलेले असते. हा बहुतेक वेळा "पीक", म्हणजे क्षणभर सोसता येणारा आकडा असतो. तुम्ही "आरएमएस" आकडा पाहा. सतत चालणारी खरी ताकद ती. "4 गुणिले 50 वॅट" लिहिलेला साधा स्टिरिओ प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरला साधारण 15 ते 20 वॅट आरएमएस देतो.

हे कमी वाटते का? मग दुसरा आकडा पाहा : स्पीकरची "सेन्सिटिव्हिटी". 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर तो किती डेसिबल देतो, हे त्यातून कळते. 90 डेसिबलच्या स्पीकरला 10 वॅट मिळाले, तर हिशोबाने 1 मीटरवर 100 डेसिबल होतात. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतील नायॉश संस्थेचा जो निकष आहे, त्यात 100 डेसिबलला दिवसाला फक्त 15 मिनिटे दिलेली आहेत. म्हणजे साध्या स्टिरिओतही कान बिघडवण्याइतकी ताकद आधीच आहे. वेगळे अँप विकत घेऊन ती वाढवायची गरज पहिल्या सिस्टिमला नाही.

आणखी एक गंमत. 87 ऐवजी 90 सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला, तर अँपची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

मग पैसे कुठे घालायचे?

माझ्या मते क्रम असा असावा :

1. पुढचे दोन स्पीकर. तुमच्या दाराच्या मापाचे चांगले स्पीकर घ्या. कोअ‍ॅक्शियल, म्हणजे ट्वीटर त्यातच बसवलेला प्रकार, स्वस्त आणि बसवायला सोपा. कंपोनंट प्रकारात ट्वीटर वेगळा, कानाच्या उंचीजवळ लावतात; शब्द स्पष्ट ऐकू येतात, म्हणून आवाज वाढवावासा वाटत नाही. बजेट असेल तर हे घ्या.

2. डॅम्पिंग. वर सांगितलेच आहे.

3. स्टिरिओ. गाडीतला मूळचा स्टिरिओ ब्लूटूथसह चालू असेल, तर तो बदलूच नका. बदलायचाच असेल तर आवाजासाठी फिरवायचे गोल बटण आणि इक्वलायझर असलेला घ्या. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. स्क्रीनवर बटण शोधताना दोन सेकंद नजर हटली, तर 33 मीटर तुम्ही डोळे मिटून गाडी चालवलेली असते.

4. मागचे स्पीकर. आहेत तेच राहू द्या. मागे मुले बसत असतील तर त्यांचा आवाज कमीच ठेवा. मुलांसाठीची मर्यादा प्रौढांपेक्षा कमी, आठवड्याला 40 तासांसाठी 75 डेसिबल आहे.

5. वूफर. सर्वांत शेवटी, आणि खरोखर कमतरता वाटली तरच. सहा महिने त्याच्याशिवाय ऐकून बघा.

बसवताना तीन गोष्टी सांभाळा. मूळची वायर कापू न देता कपलर वापरायला सांगा. नाहीतर वॉरंटीवरून वाद होतो. पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत काचेच्या बाजूच्या खांबावर ट्वीटर ठोकू देऊ नका. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू देऊ नका. ते सहसा एअरबॅगचे असतात. आणि पुढे कधी अँप घेतलेच, तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच.

चांगल्या सिस्टिमचा एक धोका

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वस्त स्पीकर मोठ्या आवाजात फाटतो, कर्कश होतो आणि आपण आपोआप आवाज कमी करतो. चांगला स्पीकर फाटत नाही. आवाज किती वाढला हे कळतच नाही. म्हणून चांगली सिस्टिम घेतलीत, तर मर्यादा तुम्हालाच घालावी लागेल.

त्यासाठी सोपी युक्ती. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून, मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने डोक्याच्या जवळ आवाज मोजा. अ‍ॅपचा आकडा अंदाजे असतो, पण आपल्या कामाला पुरतो. 75 ते 80 डेसिबल कितव्या आकड्यावर येतात, ते लक्षात ठेवा. तो तुमच्या गाडीचा आकडा. प्रवासात त्याच्या पुढे जायचे नाही. वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सोय स्टिरिओत असेल तर ती बंद करा किंवा सर्वांत कमी ठेवा. शेजारी बसलेला नेहमीच्या आवाजात बोलला आणि ऐकू आले नाही, तर गाणे मोठे आहे. मागून येणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा सायरनही तुम्हाला ऐकू येणार नाही.

गाडीतून उतरल्यावर कान बधिर वाटले किंवा शिट्टी वाजली, तर ती कानाची तक्रार समजा. एक-दोन दिवसांत थांबली नाही, तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिथे उपचारांना उशीर महागात पडतो.

त्या तरुणाने वूफर आणि अँप काढून विकले. आलेल्या पैशांत पुढच्या दारांचे डॅम्पिंग आणि कंपोनंट स्पीकर झाले. तीन महिन्यांनी परत आला, तेव्हा शिट्टी बरीच कमी झाली होती, झोप लागत होती. आलेखातला खड्डा मात्र होता तिथेच होता, आणि तो तसाच राहणार आहे. तो म्हणाला, "डॉक्टर, आता गाण्यातला तबला नीट ऐकू येतो. आधी नुसते धडधडत होते."

तुमची पहिली गाडी पाच-सात वर्षांनी तुम्ही बदलाल, सिस्टिम त्याआधीच बदलाल. कान मात्र शेवटच्या गाडीपर्यंत हेच आहेत. दुकानात जाताना एवढे लक्षात ठेवा.