विदिशेमार्गे सांची

सांची पाहून आलेली कुटुंबे पुष्कळ भेटतात. पण ‘विदिशा पाहिलीत काय?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर नकारार्थी येते. स्तूपापुढे उभे राहून छायाचित्र काढावे आणि दिवस मावळण्यापूर्वी भोपाळला परतावे, असाच सर्वांचा शिरस्ता. वस्तुतः ज्या नगरीच्या आश्रयाने सांची वैभवास चढली, ती तेथून अवघ्या दहा किलोमीटरांवर आहे. तेव्हा वाचकहो, आपण या खेपेस क्रम उलटा करून पाहा: आधी विदिशा, मग सांची.

भोपाळहून सकाळची गाडी धरावी. विदिशा सुमारे 54 किलोमीटर दूर. मार्ग दिल्लीकडे जाणारा असल्यामुळे गाड्यांना तोटा नाही. सांचीच्या अलीकडे गाडी कर्कवृत्त ओलांडते. भूगोलाच्या पुस्तकातील ती तुटक रेघ आपण आत्ताच पार केली, असे सांगितले म्हणजे मुले खिडकीकडे धावतील. सांचीचे स्थानक येईल, परंतु तेथे उतरण्याचा मोह आवरावा.

विदिशा म्हणजे कालिदासाच्या ‘मेघदूता’तील वेत्रवतीकाठची राजधानी. 1956 पर्यंत हिला भेलसा म्हणत. बाजारात पोहे-जिलेबीचा नाश्ता उरकून रिक्षा ठरवावी आणि वेत्रवती, म्हणजे आजची बेतवा, ओलांडून प्रथम खांबबाबाकडे जावे. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा वकील हेलिओदोरस याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवाप्रीत्यर्थ उभारलेला हा गरुडध्वज. परदेशी वकील स्वतःस भागवत म्हणवितो आणि ते ब्राह्मी लिपीत दगडावर कोरवितो! गावकरी या स्तंभास देव मानून शेंदूर फाशीत आले. 1877 मध्ये कनिंगहॅम येथे येऊन गेले, पण शेंदराच्या थराखालील लेख त्यांना दिसला नाही. 1909 मध्ये तो थर निघाला आणि अक्षरे उजेडात आली. पुढे देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी 1913 ते 1915 या काळात येथे उत्खनन केले. ज्या भक्तीने लेख झाकला, तिनेच तो स्तंभ इतकी शतके राखला, हे मुलांना अवश्य सांगावे.

येथून उदयगिरी जवळच आहे. टेकडी लहान, चढ सोपा. आजीआजोबांनाही पायथ्याच्या लेण्यांपर्यंत जाता येते. एकूण वीस लेणी आहेत. त्यांपैकी पाचव्यात वराहावताराचे भव्य शिल्प आहे. दोन पुरुष उंचीचा वराह पृथ्वीला दाढेवर तोलून उभा आहे आणि भोवती देव व ऋषी ओळीने कोरलेले आहेत. शेजारच्या सहाव्या लेण्यात गुप्त संवत 82, म्हणजे इ. स. 401-02, मधील लेख आहे. तो दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळचा. विसावे लेणे जैनांचे, इ. स. 425-26 चे. मग पायऱ्यांनी माथ्यावर जावे. तेथे गुप्तकालीन मंदिराचे अवशेष आहेत, आणि खाली शेते व नदीचा प्रदेश पसरलेला दिसतो. शिदोरी सोडण्यास याहून चांगली जागा नाही. मात्र पाणी बरोबर घ्यावे आणि उष्टे-खरकटे पिशवीत घालून परत न्यावे.

दुपार कलल्यावर रस्त्याने सांचीस जावे. आता स्तूपाच्या दक्षिण तोरणापाशी थोडे अधिक थांबावे. या तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे त्याच तोरणावर लिहिलेले आहे. हस्तिदंताच्या लहानशा तुकड्यावर बोटे चालविणाऱ्यांनी येथे दगडावर हात चालविला. म्हणूनच ते हत्ती, त्या मिरवणुका, ती पाने-फुले इतकी बारीक उतरली आहेत. कठड्यांवरही शेकडो लहान लेख आहेत. त्यांत भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, तसेच व्यापारी आणि गृहिणीही आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा. राजाच्या आज्ञेने एवढे मोठे काम झाले असे आपण समजतो. पण त्याचा मोठा भाग अशा घरोघरच्या देणग्यांतून उभा राहिला. सकाळी त्यांच्यापैकी कित्येकांची नगरी पाहून आलेल्यास ही नावे अनोळखी वाटत नाहीत.

सांचीच्या स्थानकावर थोड्याच गाड्या थांबतात. म्हणून परतीची वेळ सकाळीच विचारून ठेवावी, नाहीतर भोपाळची बस धरावी. सहलीस कार्तिक ते माघ हे दिवस उत्तम. मुलांना घरी आल्यावर एकच प्रश्न विचारा: दक्षिण तोरण कोणी कोरले? उत्तर बरोबर आले, तर सहल सार्थकी लागली असे समजावे.