नववीच्या उंबरठ्यावर

पावसाच्या तोंडावर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळा उघडतात, आणि दरवर्षी एक गोष्ट निमूटपणे घडून जाते. आठवी झालेली काही मुले नववीच्या वर्गात दिसेनाशी होतात. त्यांना कोणी शाळेबाहेर हाकलीत नाही; ती फक्त येत नाहीत. कोणी भिवंडीच्या गोदामात कामाला लागतो, कोणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो, आणि मुलगी असेल तर ती धाकटी भावंडे सांभाळीत घरी बसते. वाचकहो, ही मुले तुमच्याआमच्या वस्तीतली आहेत, तशीच शेजारच्या ठाकर-कातकरी पाड्यावरचीही आहेत. म्हणून या अंकी आम्ही माध्यमिक शाळा, तेथील शिक्षक आणि आपले कर्तव्य या विषयाकडे तुमचे लक्ष वेधीत आहोत.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलताना बाबासाहेबांनी शिक्षणखात्याचा हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. आज चौथीचा तो उंबरठा बहुतेक मुले ओलांडतात. परंतु उंबरठा नाहीसा झालेला नाही, तो पुढे सरकला आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींना आठवीपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क दिला. नववी आणि दहावी या हक्काच्या बाहेर राहिल्या. ज्या ठिकाणी कायद्याचा हात सुटतो, नेमक्या त्याच ठिकाणी गरिबाचे मूलही सुटते, हा योगायोग नव्हे.

त्यात भूगोलाची भर पडते. गावची शाळा खालच्या इयत्तांपुरती; हायस्कूल मोठ्या गावी. मुरबाड तालुक्यात तर अद्याप आगगाडीही पोहोचलेली नाही. सारी भिस्त एस.टी.वर. एक गाडी चुकली की दिवस बुडाला. शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवितात, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी भरण्याचे काम मुलीच्या डोक्यावर येते, आणि परीक्षेचे दिवसही नेमके तेच असतात.

अशा वेळी सारा दोष मास्तरांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. परंतु मास्तरांची स्थिती तरी काय आहे? विनाअनुदानित वा अंशतः अनुदानित शाळांतील अनेक शिक्षकांनी पूर्ण पगाराची वाट पाहत उमेदीची वर्षे घालविली आहेत. शिक्षकांची पदे संच-मान्यतेने, म्हणजे पटावरील संख्येवरून, ठरतात. मुले गळाली की पद जाते. पद गेले की गणिताचा मास्तर भूगोलही शिकवितो. आणि शिकविणे कच्चे झाले की आणखी मुले गळतात. हे चक्र एकट्या शिक्षकाला थांबविता येणार नाही. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती यांखेरीज शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपू नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ सांगते. ते पाळले जावे म्हणून आवाज उठविणे हे शिक्षकाइतकेच पालकाचेही काम आहे, कारण त्या कामात जाणारा तास तुमच्या मुलाचा असतो.

तथापि वर्गाच्या चार भिंतींत शिक्षकाच्या हातात पुष्कळ काही आहे. आमच्या वाचकांत शिक्षक आहेत आणि शिक्षकांचे आईबापही आहेत. त्यांच्यापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली : नववीच्या आरंभी पाठ्यपुस्तक उघडण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचवून घ्यावा आणि एक भागाकार करवून घ्यावा. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत देशातील १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. साधा भागाकार निम्म्याहून अधिकांना जमला नाही. ज्याला भागाकार येत नाही त्याच्यापुढे बीजगणित मांडणे म्हणजे पाया न खणता भिंत बांधणे होय. रोजचा अर्धा तास या कच्च्या मुलांसाठी राखावा, आणि तो त्यांची नावे न पुकारता.

दुसरी : मुलाच्या बोलीला हसू नये. ठाकरी वा कातकरी बोलणाऱ्या मुलाने उत्तर आधी आपल्या बोलीत द्यावे, मग सर्वांनी मिळून ते पुस्तकी मराठीत उतरवावे. ज्याला आपल्या बोलीची लाज वाटते, तो वर्गात तोंड उघडीत नाही.

तिसरी : गाव हीच प्रयोगशाळा करावी. ३३ फूट लांब-रुंद चौरस आखला की १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा होतो आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे दोरीने मोजून पाहिलेले मूल क्षेत्रफळ विसरत नाही. माळशेजच्या डोंगराने अडविलेला पाऊस आणि भातसेचे पाणी यांवर भूगोलाचे कितीतरी तास उभे राहतील.

चौथी : दिवाळीपूर्वी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे भट्टीजवळची शाळा त्याला दारातून परतविणार नाही. ज्यांची शाळा सुटलीच आहे, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, हे घरी जाऊन सांगावे.

आता एका कटू गोष्टीविषयी. जुलै २०२५ मध्ये शहापूर येथील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना कपडे उतरवावयास लावून त्यांची तपासणी करण्यात आली. गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेस अटक झाली. प्रश्न एका शाळेचा नाही. कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही बंदी करते. पण त्या कलमाच्याही आधी मनातला विटाळ जावयास हवा. ज्या विटाळाच्या कल्पनेने आपल्या पूर्वजांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, तीच कल्पना पाळी आलेल्या मुलीला कोपऱ्यात बसविते. आपण ती कल्पना टाकून दिली असे म्हणतो. मग आपल्या घरातून ती गेली आहे काय, हे प्रत्येक आईबापाने स्वतःस विचारावे, आणि शाळेत मुलींसाठी पाणी, कडी असलेले दार व समजूतदार शिक्षिका आहे काय, हे मुख्याध्यापकांस विचारावे.

शेवटी आपल्या घरचे कर्तव्य. आठवीतील मुलास एन.एम.एम.एस. परीक्षेस बसवा, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववी-दहावीसाठी अनुसूचित जातींच्या मुलांना मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा पास मोफत आहे. दहावीनंतर वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचा हक्क केंद्रानेही मान्य केला. पण कागद नसेल तर हक्क कपाटात राहतो. धर्म बौद्ध लिहा, अभिमानाने लिहा. परंतु आजोबा-पणजोबांचा जुना शाळेचा दाखला फेकू नका. जातीच्या प्रमाणपत्रासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आणि तो बहुधा त्याच पिवळ्या कागदात असतो. उत्पन्नाचा दाखला दहावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

आणि पालकसभेला जा. मजुरी बुडते हे आम्ही जाणतो. म्हणून वस्तीने आळीपाळीने दोघांना पाठवावे आणि त्यांनी परत येऊन सर्वांना वृत्तांत सांगावा. ज्या शाळेत पालक येतात, तेथे मुलाचे न येणे लवकर ध्यानात येते.

येत्या आठवड्यात एवढे करा : आपल्या वस्तीत आठवी झालेली मुले किती आणि त्यांपैकी नववीत किती, हे घरोघर जाऊन मोजा. दोन आकड्यांत अंतर निघाले, तर त्या अंतरातील प्रत्येक मुलाचे नाव कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.