दुकानदाराने घातलेली भिंत

"त्या सॉलोमन बर्कला म्हातारपणी ही काय अवदसा आठवली हो? उभा जन्म सोल गाण्यात घालवला आणि शेवटी नॅशव्हिलला जाऊन गोऱ्या गुराख्यांची रडगाणी गायला! चार पैशांसाठी माणसाने दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसावे?"

हे उद्गार माझ्या एका स्नेह्यांचे. गृहस्थ मोठे रसिक आहेत, तबकड्यांचा संग्रह दांडगा आहे आणि मतेही संग्रहाइतकीच जड आहेत. पण हे मत त्यांचे एकट्याचे नाही. चांगले जाणते लोक असे बोलतात, म्हणून ते येथे चारचौघांत खोडून काढावे असे मी ठरवले आहे. दिवाळीच्या ताटात गोडाबरोबर थोडी तिखट शेवही लागते.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सॉलोमन बर्क हा फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णी गायक. पोरवयातच चर्चमध्ये प्रवचने करू लागला, पुढे बिशप झाला, अंत्यसंस्कारांचा धंदाही केला, आणि एकवीस मुलांचा बाप झाला. सोल म्हणजे काळ्यांच्या चर्चमधली आर्त हाक प्रपंचात आणून केलेले गाणे. देवाला मारायची ती हाक प्रियेला मारायची, एवढाच फरक. कंट्री म्हणजे दक्षिणेकडच्या गोऱ्या खेडुतांचे गाणे. त्यात गिटार, फिडल, मोडलेला संसार आणि दूर निघालेली आगगाडी. २००६ साली, साठी उलटलेल्या, देहाने डोंगराएवढ्या झालेल्या आणि रंगमंचावर सिंहासनात बसून गाणाऱ्या या बर्कने नॅशव्हिलमध्ये बडी मिलर या वादकाच्या राहत्या घरी कंट्री गाण्यांचा एक संच ध्वनिमुद्रित केला. नाव ठेवले 'नॅशव्हिल'. डॉली पार्टन, एमिलू हॅरिस अशा कंट्रीतल्या मानकरणी त्याच्याबरोबर गायल्या.

आता 'म्हातारपणी' या शब्दाकडे वळू. १९६१ साली, ऐन पंचविशीच्या आत-बाहेर असताना, अ‍ॅटलांटिक कंपनीसाठी गायलेल्या ज्या गाण्याने बर्कचे नाव झाले, ते 'जस्ट आउट ऑफ रीच' हे मुळात कंट्री गाणेच होते! तेव्हा गायकाने म्हातारपणी चळ करून घेतला असे नव्हे. तो जेथून निघाला होता तेथे परत आला. त्या गाण्यावरून लोकांनी त्याला गोरा समजावे आणि मिसिसिपीत कू क्लक्स क्लॅनच्या मेळाव्यात गाण्याचे आमंत्रण यावे, असा एक किस्सा तो स्वतः रंगवून सांगत असे. बर्कला गोष्टी फुगवून सांगण्याची हौस होती, तेव्हा या किश्श्याचे पाप त्याच्याच माथी. पण आवाजाचा रंग कानाला दिसत नाही, एवढे तर त्यातून खासच कळते.

मग पंगती वेगळ्या मांडल्या कोणी? तबकड्या विकणाऱ्या दुकानदारांनी! १९२० साली ओके कंपनीने मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचे ब्लूज काढले आणि ते धडाक्याने खपले. १९२३ साली त्याच कंपनीने, राल्फ पीअर याच गृहस्थाच्या हातून, अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गोऱ्या खेडवळ वादकाची तबकडी काढली, तीही खपली. मग गिऱ्हाईक ओळखून माल लावायचा म्हणून काळ्यांच्या तबकड्यांना ८००० पासूनचे क्रमांक दिले आणि गोऱ्या खेडुतांच्या तबकड्यांना ४५००० पासूनचे. एका मालिकेला नाव 'रेस', दुसरीला 'हिलबिली'. ज्या भिंतीला माझे स्नेही परंपरा म्हणून नमस्कार करतात, ती भिंत म्हणजे एका वखारीतली हिशेबाची वही आहे. गाणारे मात्र वहीबाहेर एकमेकांचे घेतच होते. बँजो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. हँक विल्यम्सला गिटारचे धडे मिळाले ते रूफस पेन या काळ्या फिरत्या वादकाकडून. १९३० साली कंट्रीचा आद्यपुरुष जिमी रॉजर्स गायला, तेव्हा ट्रंपेटची साथ होती लुई आर्मस्ट्राँगची.

रे चार्ल्सचा दाखला तर सगळ्यांना पाठ आहे. फ्लोरिडातल्या खेड्यात वाढलेल्या या आंधळ्या पोराने शनिवारी रात्री रेडिओवर 'ग्रँड ओल ऑप्री' ऐकली. १९६२ साली त्याने कंट्री गाण्यांचा संच काढला, तेव्हा शहाण्यांनी नाके मुरडली, आणि डॉन गिब्सनचे एक गाणे त्याच्या तोंडून पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या संचातल्या व्हायोलिनांचा पाक मला थोडा घट्ट वाटतो. पण तो प्रश्न चवीचा आहे, हक्काचा नव्हे.

स्नेह्यांचा एक मुद्दा मात्र मला टोचला. ते म्हणाले, "गोऱ्या पॅट बूनने लिटल रिचर्डचे गाणे उचलले, तर तुम्ही त्याला चोर म्हणता, मग तुमचा बर्क साव कसा?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की १९५६ साली बूनची नक्कल मूळ गाण्यापेक्षा वर चढली, कारण बऱ्याच रेडिओ केंद्रांची दारे मूळ गायकाला बंद होती. बूनला दरवाजा उघडाच मिळाला. रे चार्ल्सने गिब्सनच्या तोंडचा घास काढला नाही. उलट त्याचे गाणे घरोघर पोचवून त्याच्या मानधनात भरच घातली. शिवाय बूनने गाण्याचे दात पाडले, आणि या दोघांनी गाण्याला दात दिले. आणि हेच स्नेही आषाढीला भीमसेन जोशींचे अभंग लावून डोळे मिटून बसतात; तेव्हा किराणा घराणे बाटल्याची तक्रार त्यांच्या तोंडून मी तरी ऐकलेली नाही!

हा वाद केवळ रसिकांच्या गप्पांचा असता तर मी एवढा तापलो नसतो. पण त्या भिंतीखाली माणसे चिरडली. डीफर्ड बेली हा खुज्या अंगाचा काळा हार्मोनिकावादक. १९२७ सालच्या ज्या रात्री निवेदकाने नॅशव्हिलच्या रेडिओवर 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव प्रथम उच्चारले, त्या रात्री धडधडत जाणारी आगगाडी हार्मोनिकावर वाजवणारा होता हाच बेली. दौऱ्यावर बरोबरीच्या गोऱ्या कलावंतांना हॉटेलात खोली मिळे. याला जेवायला आणि निजायला जागा शोधत फिरावे लागे. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढले. पुढची कितीतरी वर्षे त्याच नॅशव्हिल शहरात त्याने लोकांचे बूट चमकवून पोट भरले. १९८२ साली तो वारला, आणि कंट्रीच्या मानमंदिरात त्याची पाटी लागली ती २००५ साली. बर्क ध्वनिमुद्रणाला नॅशव्हिलमध्ये आला तो त्यानंतर लगेच. दुसऱ्याची पंगत म्हणतात ती ही! ज्याच्या हार्मोनिकाच्या नादात या घराचे बारसे झाले, त्यालाच उंबऱ्याबाहेर बसवले, आणि त्याच्या भाऊबंदांपैकी कोणी पुन्हा आत आला की आपण विचारतो, "आपण कुठले?" २०२४ साली बियॉन्सेने कंट्री गाण्यांचा संच काढला, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तिचा संच विक्रीत पहिला आला, तरी कंट्री म्युझिक असोसिएशनच्या त्या वर्षीच्या नामांकनांत तिचे नाव कुठेच नव्हते.

पैशांसाठी काढलेले भिकार कंट्री संच सोलवाल्यांच्या खाती जमा आहेत, हे मी नाकारत नाही. मलाही ते ऐकवत नाहीत. पण बर्कचा संच लावा. पहिलेच गाणे टॉम टी. हॉलचे. एक पुरुष निघून गेलेल्या बाईला शोधत मेम्फिसला आला आहे, दिवसचे दिवस जेवलेला नाही, झोपलेला नाही. साथ अगदी बेताची. बर्क आवाज चढवत नाही, प्रवचनकाराचा आव आणत नाही. दारात उभा राहून पत्ता विचारावा तसे गातो. एवढा धिप्पाड माणूस इतका हळू बोलू शकतो, याचेच मला नवल वाटत राहते. पुढे डॉली पार्टनबरोबर तिचेच गाणे गाताना दोन आवाज असे लागतात, की काळे कोणते आणि गोरे कोणते हे विचारणे म्हणजे दूध-साखरेतली साखर निवडणे.

१० ऑक्टोबर २०१० रोजी कार्यक्रमासाठी प्रवास करीत असताना अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर बर्क वारला. माझ्या स्नेह्यांना मी तो संच महिन्यापूर्वी ऐकायला दिला होता. गेल्या रविवारी मी तो परत मागितला, तर म्हणाले, "असू द्या हो थोडे दिवस. अजून नीट ऐकून झाला नाही."