हॅट घातलेली सावली

रविवारी एका फिल्म सोसायटीत ‘सायको’ दाखवला. निवेदकांनी माइक हातात घेऊन सांगून टाकलं, की न्हाणीघराच्या पडद्याआडची भीती सिनेमाला हिचकॉकने दिली, 1960 साली. मागच्या रांगेत मी दात-ओठ खात बसलो. निर्माता व्हॅल ल्यूटनबद्दल इथे कितीदा लिहिलंय ते वाचकांना ठाऊक आहे. ‘आता पुरे’ अशी पत्रंही आली आहेत. तरी पुन्हा.

ल्यूटनचाच ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’, 1943. दिग्दर्शक मार्क रॉबसन, लांबी जेमतेम 71 मिनिटं. हरवलेल्या बहिणीला शोधायला न्यूयॉर्कात आलेली मेरी (किम हंटरचा हा पहिलाच सिनेमा) शॉवरखाली उभी आहे. पडद्यावर सावली उमटते. बहिणीची कंपनी जिच्या ताब्यात गेली, त्या मिसेस रेडीची. डोक्यावरची हॅट सावलीत शिंगांसारखी दिसते. सुराबिरा काही नाही. बाई सांगते, तुझी बहीण खुनी आहे, तू आपली शाळेत परत जा. आणि निघून जाते.

हिचकॉककडे सुरा आहे, वर बर्नार्ड हर्मनची किंचाळणारी व्हायोलिनं. (खुद्द हिचकॉकला तिथे आधी संगीत नकोच होतं. त्याने तेच धरून ठेवायला हवं होतं. पार्श्वसंगीताशी माझं वैर जुनं आहे.) तिथे बाई मरते आणि आपण श्वास सोडतो. इथे कोणी मरत नाही, त्यामुळे श्वास अडकलेलाच राहतो. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून ‘तुझ्या भल्यासाठीच सांगते हो’ म्हणतात ना, त्या सुराची ही भीती.

मिसेस रेडीचा अख्खा पंथच त्या सुरात बोलतो. ग्रिनिच व्हिलेजमधले हे सैतानपूजक इस्त्रीच्या कपड्यांत दिवाणखान्यात बसतात. हिंसा वर्ज्य! म्हणून फितूर झालेल्या मेरीच्या बहिणीपुढे, जॅकलिनपुढे, विषाचा पेला ठेवून ‘पी’ म्हणत तासन्‌तास वाट बघतात. आधीचे सहा फितूर असेच संपले. शेवटी पेला फोडते तीही त्यांच्यातलीच एक, हुंदके देत. मग मात्र जॅकलिनच्या मागावर सुरेवाला धाडला जातो. तत्त्व तत्त्वाच्या जागी.

हिचकॉकने हा सिनेमा पाहिला होता का? माझ्याकडे पुरावा नाही. पाहिलाच असणार.

चहाच्या वेळी निवेदकांना गाठून हे सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, बिस्किट बुडवलं आणि विचारलं, ‘म्हणजे शॉवरमध्ये खून होतच नाही?’